तळ्याच्या मधला पाइप

इथे पहिल्यांदाच लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजचा मी फोरमन, बावीस वर्षं झाली. गाडीतून आवाज येतो म्हणून गिऱ्हाईक येतं, मी बॉनेट उघडतो, आवाज कुठला ते शोधतो, बंद करतो. असल्या माणसाचा भुताखेतांवर काय विश्वास बसणार... गावी कोणी असले किस्से सुरू केले की मी सरळ उठून जायचो. आज मीच सांगायला बसलोय, तर बसलोय.

दामले साहेब माझे गिऱ्हाईक. पुण्याचे, ऑफिस दुबईत, जुमेरा लेक टॉवर्सला. ओळख झाली गिअरबॉक्सवरून आणि टिकली माशांवरून. मी रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा मुसलमान, ताटात मासा नसेल तर मला जेवल्यासारखं वाटत नाही. आणि हे गृहस्थ अंड्यालाही हात न लावणारे, पण मासेमारीचं वेड असं की विचारू नका. कंपनीच्या कामाला अमेरिकेत होते तेव्हा लागलेलं. लार्जमाउथ बास म्हणून गोड्या पाण्यातला हिरवट, मोठ्या जबड्याचा मासा असतो. तो पकडायचा, फोटो काढायचा आणि परत सोडून द्यायचा. तीनशे दिरहमची काठी, म्हणजे सात हजार रुपये झाले, आणि घरी जायचं हात हलवत.

"साहेब, हे म्हणजे बिर्याणीचा वास घेऊन हात धुवायचे," मी म्हणायचो.

"हमीदभाई, तुम्हाला नाही कळायचं ते," असं म्हणून ते हसायचे.

अल ऐनच्या अलीकडे एका अरबाचं शेत आहे. त्याने हौसेने मोठं तळं करून त्यात हे मासे सोडलेत. उन्हाळ्यात पाणी तापतं, मासा तळाशी जाऊन बसतो, गळाला तोंड लावत नाही. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च हाच सीझन. मालकाच्या गाड्या माझ्याकडे येतात म्हणून आम्हाला परवानगी. राखणीला खानबाबा, पेशावरकडचा म्हातारा पठाण.

मागच्या जानेवारीत साहेबांची फ्लोट ट्यूब पंक्चर झाली. ही म्हणजे हवा भरलेली खुर्चीच — माणूस छातीपर्यंतची वॉटरप्रूफ पँट घालून तीत बसतो, पाय पाण्यात सोडतो आणि तळ्यात मधोमध जाऊन गळ टाकतो. मी म्हटलं, आणा इकडे, दहा मिनिटांचं काम. टायरच्या ट्यूबला लावतो तोच पॅच लावला, तेच रबर सोल्युशन. ती ट्यूब रबराची नव्हती, पीव्हीसीची होती. हाताला ते कळलंही होतं मला. पीव्हीसीवर ते सोल्युशन सुरुवातीला धरल्यासारखं वाटतं, पाण्यात सुटतं. पण त्या दिवशी गॅरेजात गाड्यांची रांग लागलेली... "खलास साहेब, आता टेन्शन नको," म्हणून देऊन टाकली.

त्या रविवारी सकाळी दाट धुकं होतं. हायवेवरच्या बोर्डांनी स्पीड ऐंशीवर आणलेला. सात वाजता तळ्यावर पोचलो तर काठावरून पाणीसुद्धा दिसेना. मी म्हटलं, थांबू या जरा. साहेब ऐकतायत कुठले! धुक्यात बास वर येतो म्हणे. लाइफ जॅकेट गाडीतच ठेवलं, ट्यूबमध्ये बसले आणि दहा हातांवर दिसेनासे झाले. ठरलं होतं की दर पाच मिनिटांनी त्यांनी शिट्टी वाजवायची आणि मी काठावरून ओ द्यायची.

चार शिट्ट्या आल्या. पाचवी आली नाही.

मी हाका मारल्या. काही नाही. शेतावरची फायबरची छोटी होडी होती, ती ढकलली आणि वल्ही मारायला लागलो. तळं काही फार मोठं नाही, पण त्या धुक्यात दोन मिनिटांत माझी दिशा गेली. मागे काठ कुठे, पुढे काय, कळेना. ट्यूबवरचा तो पॅच डोळ्यांसमोरून हलत नव्हता. ओरडून ओरडून घसा बसला. मग मी ठरवलं की काठावर जायचं, खानबाबाला उठवायचं आणि फोन करायचा. खरं लिहितो, मी घाबरलो होतो. पण परत फिरायला तरी काठ दिसायला हवा.

तेवढ्यात ठोके ऐकू आले. पितळी परातीवर पळी मारल्यासारखे. तीन ठोके, जरा थांबून दोन.

हे समजायला आमच्या गावचं सांगायला हवं. थंडीत खाडीवर धुकं उतरलं की ज्याची होडी बाहेर, त्याच्या घरची बाई धक्क्यावर उभी राहून परात वाजवते. प्रत्येक घराची वाजवायची पद्धत वेगळी, म्हणजे होडीवरच्याला कळतं, आपलं घर इकडे. तीन आणि दोन ही आमच्या घरची. मी नऊ वर्षांचा होतो, तेव्हा माझी अम्मा अशीच वाजवत उभी होती आणि अब्बा आले नाहीत. धुकं गेल्यावर नुसती होडी मिळाली. त्यानंतर अम्माने परात कधी वाजवली नाही.

पण त्या वेळी होडीत मला यातलं काहीएक आठवलं नाही. ठोके म्हणजे धक्का, हे अंगात भिनलेलं. वाटलं, साहेब बाहेर आले, खानबाबा डबा वाजवून मला बोलावतोय. इतका राग आला की दोन शिव्या घातल्या, आणि निवांत होऊन आवाजाच्या रोखाने वल्ही मारली.

होडी एका लोखंडी पाइपावर आपटली. तळ्याच्या मधोमध जुन्या पंपाचा पाइप उभा आहे, तो. साहेब एक हात त्याला अडकवून लोंबकळत होते. ट्यूब चिपाडासारखी बसलेली, पँटमध्ये पाणी भरलेलं, ओठ निळे. नाक तेवढं पाण्याच्या वर होतं. ठोके बंद झाले होते.

त्यांना वर ओढणं मला एकट्याला जमेना. काखेतून दोरी घालून होडीला बांधले आणि जीव खाऊन ओरडलो. खानबाबाने ओ दिली ती माझ्या पाठीमागून, लांबून. मी निघालो त्या काठाकडे नाही, बरोबर उलट्या बाजूला आलो होतो.

ॲम्ब्युलन्स आली, साहेब वाचले. डॉक्टर म्हणाले, आणखी पाच-दहा मिनिटं गेली असती तर सांगता आलं नसतं. खानबाबाला विचारलं, डबा कशाला वाजवत होतास? तो म्हणाला, "कौन सा डब्बा, भाई? मैं तो अंदर चाय बना रहा था. तुम्हारी आवाज़ सुनके निकला."

संध्याकाळी साहेबांना जरा हुशारी आली. मी त्यांना ठोक्यांबद्दल अक्षर बोललो नव्हतो. तेच म्हणाले, "हमीदभाई, तुम्ही काय वाजवत होतात? तीनदा, मग दोनदा... त्यामुळे मी जागा राहिलो. पण आवाज खालून येत होता. माझ्या पायांच्या खालून."

मग मी त्यांना पॅचचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही आलात ना शोधत. बस झालं." मी शोधत आलो नव्हतो, परत चाललो होतो, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. साहेब, तुम्ही हे वाचाल तेव्हा तुम्हाला कळेल.

पुढच्या रविवारी मी एकटा गेलो. पाइप तपासला. मोटर कधीच काढून नेलेली, वायर नाही, आत गाळ भरलेला. पान्याने ठोकून बघितलं तर नुसतं धप्प होतं, पितळेचा आवाज त्यातून येणं शक्य नाही. बाकी कुठून आला, मला माहीत नाही. कोणाला कळत असेल तर सांगा, मी ऐकेन.

अम्माला सांगावं की नाही, महिनाभर ठरत नव्हतं. शेवटी फोनवर सगळं सांगितलं, मी परत फिरलो होतो तेही.

ती म्हणाली, "माणूस मिळाला ना?"

"मिळाला."

"जिवंत?"

"हो, अम्मा."



"तुझे अब्बा गेले त्या दिवशी परात वाजवताना मी मधे थांबले होते रे," ती म्हणाली. "तू उठून धक्क्यावर आलास, भूक लागली म्हणून रडायला लागलास. घरी गेले, तवा ठेवला, तुला भाकरी दिली. मग परत जाऊन वाजवायला लागले. कोणाला सांगितलं नाही आजपर्यंत."

"किती वेळ, अम्मा?"

"एक भाकरी भाजेपर्यंत."

आम्ही दोघंही फोनवर रडलो. त्या सकाळचं मला सगळं आठवतं... धुकं, धक्क्यावरची माणसं, अम्माचा हात. भाकरी खाल्लेली तेवढी आठवत नाही.