लाकडी माशाच्या पोटातली खाच

मला लहानपणापासून एक खोड आहे. एखादी गोष्ट अशीच का होते, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. माहेरी चिखलीला त्यापायी पुष्कळ बोलणी खाल्ली. लग्न होऊन जानेफळला आले तेव्हा आईने बजावलं होतं, की तिथे जास्त चौकशा करत बसू नकोस. पण नवराच असा मिळाला, की खोड जाण्याऐवजी वाढली.

हे प्रवासी नेणाऱ्या सरकारी मोटारीवर ड्रायव्हर होते. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, रस्ते धुळीचे होते आणि खाकी कपड्यातल्या ड्रायव्हरला गावात मामलेदारासारखा मान होता. भरतीच्या वेळी डोळे तपासले, तेव्हा तक्त्यावरची सगळ्यात खालची बारीक ओळ ह्यांनी धडाधड वाचली होती. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ही गोष्ट ऐकावीच लागे. मी तर ती ह्यांच्याआधी सांगून टाकायची.

त्या उन्हाळ्यात मेहकरच्या वाटेवर मोटारीची उजवी बाजू समोरून येणाऱ्या बैलगाडीला घासली. कोणाला लागलं नाही, पत्रा तेवढा चेपला. ह्यांनी गाडीवानाला भर रस्त्यात चार शिव्या हासडल्या. घरी जेवताना मात्र घास हातातच ठेवून म्हणाले, "मले ते गाडी दिसलीच नाही वं." मग पुन्हा तो विषय काढला नाही. मीही काढला नाही, हे माझ्या स्वभावाला धरून नव्हतं. पण डोळा गेला तर स्टेअरिंग गेलं, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि स्टेअरिंगशिवाय हे कसे जगतील याची मला कल्पना करवत नव्हती.

लाकडी माशांचं वेड त्याच दिवसांतलं. मोटार मुक्कामाला जायची त्या गावाजवळ धरणाचं काम चाललं होतं. तिथला एक इंजिनियर लाकडाचा रंगीत मासा दोरीला बांधून पाण्यात फेकायचा आणि ओढायचा. मासा जिवंत असल्यासारखा पळायचा आणि मरळ, म्हणजे दुसरे मासे खाणारी मोठी मासळी, चवताळून त्याच्यावर झडप घालायची. माशाच्या पोटाखालच्या गळात ती अडकली की संपलं. ह्यांनी ते पाहिलं आणि घरी येऊन पांगाऱ्याचं लाकूड शोधायला लागले, कारण पांगारा हलका असतो.

आमच्या सासूबाई माळकरी. घरात मासा शिजण्याचा प्रश्नच नव्हता. मरळ सापडलीच तर मासे धरणाऱ्या भोयाच्या घरी द्यायची होती. "खायाचा नाही, इकायचा नाही, मंग हे कशापायी?" असं सासूबाईंनी विचारलं. हे म्हणाले, "तो चालते कसा, ते पाह्यचं हाय." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मला मात्र ते उत्तर फार आवडलं.

सगळी मेख खाचेत होती. माशाच्या तोंडापासून शेपटीपर्यंत सायकलच्या चाकाची तार घालायची असते. मरळ मोठी असली तर लाकूड फोडील, पण तार काही तुटत नाही. त्या तारेसाठी पोटाच्या बाजूने लांब, खोल खाच कापायची, तार बसवायची आणि वर लाकडाची पट्टी घालून लाखेने बुजवायची. ही खाच बरोबर मधोमध आणि सरळ खाली उतरली पाहिजे. उतरताना कलली, की तार एका अंगाला जाते आणि ओढल्यावर मासाही त्याच अंगाला पळतो.

पहिला मासा ह्यांनी आधी हौसेने कोरला. डोळे केले, खवले केले आणि मग खाच कापायला घेतली. गोल अंगाचा तो मासा पायांत धरला की गरगर फिरायचा. खाच अशी नागमोडी आली, की मला हसू आवरेना. मग आम्ही क्रम उलटा केला. ठोकळा चौकोनी असतानाच खाच कापायची आणि कोरायचं नंतर. चौकोनी ठोकळा मुकाट्याने जागेवर बसतो, आणि त्याच्यावर रेघही सरळ मारता येते.

एवढं करूनही मासा गावच्या तलावात डावीकडे वळला. दुसरा केला, तोही डावीकडे. वारा असेल म्हणून समोरच्या काठावरून ओढून पाहिलं. लाकडाची एक बाजू जड असेल म्हणून दुसऱ्या फांदीचं लाकूड आणलं. गळ बदलले, रंग खरवडून काढला. मासे आपले डावीकडेच. मला तर झोपेतही तेच दिसायला लागलं.

एकदा ह्यांनी नुकताच कापलेला ठोकळा मी उचलला आणि टोकाकडून नीट न्याहाळला. खाच वर मधोमध होती, पण खाली जाता जाता गव्हाच्या दाण्याएवढी कलली होती. बाकीचे ठोकळे पाहिले. सगळ्यांत तसंच आणि सगळ्यांत त्याच बाजूला. माझी भाकरी बिघडते तेव्हा कधी इकडून करपते, कधी तिकडून. सारखी एकाच बाजूला चूक होत असेल तर तिला काहीतरी कारण असणार. हे मी तोंडाने बोलूनही गेले.

"करवतीचे दात एका अंगाले वाकले असतीन," हे म्हणाले. सुताराला दाखवली तर तो म्हणाला, दात ठीक आहेत. ह्यांना ते पटलं नाही. दात त्यानेच बसवले होते, तो आपल्या कामाला वाईट कशाला म्हणेल?

मी म्हटलं, "तुमी मान वाकडी करून कापता. आधी नव्हते करत."

ह्यांनी करवत खाली ठेवली आणि तिच्या दातांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "याच करवतीनं तू कापून पाह्य. तुहा मासाबी डाव्या अंगाले गेला, तं करवत बदलू." नाही गेला, तर दोष करवतीचा नव्हता.

मी लुगडं खोचून, ठोकळा पायांत धरून कापायला बसले. सासूबाई दारातून म्हणाल्या, "नवरा यडा झाला तं झाला, आता तूबी?" माझे पहिले काही तुकडे पार बिघडले, पण कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. हळूहळू हात बसला. करवतीवर जोर द्यायचा नसतो, तिला तिच्या वजनाने उतरू द्यायचं असतं, हे कळलं. एक खाच मला सरळ दिसली. पण कोणाच्या डोळ्यावर भरवसा ठेवायचा हाच तर प्रश्न होता. ते पाण्यानेच सांगावं, असं आमचं ठरलं. मासा कोरला, तार बसवली आणि त्याला लालभडक रंग दिला.

सुटीच्या दिवशी सकाळी तलावावर गेलो. ह्यांनी मासा लांब फेकला आणि दोरी माझ्या हातात दिली. आपलं काम बिघडावं असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं. वळ रे बाबा, डावीकडे वळ, असं मनात म्हणत मी दोरी ओढू लागले.

मासा सरळ आला. शेपूट हलवत, कुठेही न वळता, थेट आमच्या पायांशी. इतक्या दिवसांनी एक मासा नीट पळाला म्हणून मला आनंद झाला आणि दोष करवतीचा नाही, हेही त्याच क्षणी कळलं.

"अजून एकडाव," हे म्हणाले. पुन्हा सरळ.

मग ह्यांनी तळहाताने आपला डावा डोळा झाकला. एवढंच करायचं होतं. उन्हाळ्यापासून दोघांनाही ते सुचत असणार, पण कोणाची छाती झाली नव्हती. हे उघड्या उजव्या डोळ्याने पाण्याकडे बघत राहिले.

"कुठी हाय मासा?"

"तुमच्या पायापाशीच हाय."

"मले नुसतं पानी चमकून राह्यलेलं दिसते."

लाल मासा ह्यांच्या अंगठ्याला टेकला होता.

हात खाली घेऊन ह्यांनी मासा उचलला आणि दोरी गुंडाळली. मग म्हणाले, "मोटारीत मागं मानसं बसून रायतात. उद्या जाऊन साहेबाले सांगतो. आपल्या तोंडानं सांगतलेलं बरं." मला रडू फुटलं. तर मलाच म्हणाले, "काऊन रडून राह्यली? खाच तं चांगली कापली तुनं."

त्या काळी बायको नवऱ्याच्या चार पावलं मागे चालायची. मीही तशीच चालत आले होते. परत निघताना मी पुढे झाले आणि ह्यांच्या उजव्या हाताला, अगदी अंगाला लागून चालू लागले. वेशीजवळ पारावरची माणसं बोलायची थांबली आणि बघत राहिली. हे हळूच म्हणाले, "लोक पाहून राह्यले." मी म्हटलं, "पाहू द्या," आणि घराचं दार येईपर्यंत बाजू सोडली नाही.