बंद गाडीतली थरथर

मोतीराम मिस्त्री गाडी पाहण्याआधी ड्रायव्हरचे हात पाहायचे. बुलढाण्यात मलकापूर नाक्याजवळ त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक कडुनिंब, त्याखाली एक खड्डा आणि खड्ड्यावर पत्र्याचं छप्पर. गाडी उभी राहिली की ते ड्रायव्हरला खाली बोलवत, "तळहात दाखव," म्हणत आणि ज्योतिष्यासारखे दोन्ही हात उजेडात धरत. फक्त भविष्याऐवजी भूतकाळ सांगत. "डावीकडे ओढते तुही गाडी. उजव्या हाताले घट्टे पडले, डावा हात नवरदेवावानी हाये." मग खड्ड्यात उतरून पाहत आणि गाडी खरोखरच डावीकडे ओढत असे. ड्रायव्हर तोंडाने काय सांगतो याकडे त्यांचं फारसं लक्ष नसे. "गाडी खोटं बोलत नाही," ते म्हणायचे, "ड्रायव्हर बोलते."

मी ड्रायव्हर होतो.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती आणि दुष्काळाचं साल होतं. विहिरी आटल्या होत्या, म्हणून गावोगाव बोअर मारायचं काम आमच्या खात्याकडे आलं होतं. बोअरच्या यंत्रासोबत परदेशातून मदत म्हणून एक पिकअप आली आणि ती माझ्या ताब्यात मिळाली. तिचं स्टेअरिंग डाव्या बाजूला. उजवीकडे बसलेल्या मजुरालाच लोक ड्रायव्हर समजायचे आणि तो दोन्ही हातांनी बिडी पेटवू लागला की रस्ता सोडून पळायचे. शिवाय तिला पॉवर स्टेअरिंग होतं. इंजिनवरच्या पट्ट्याने एक पंप फिरायचा, पंप तेल दाबायचा आणि ते तेलच चाकं वळवायचं. ड्रायव्हरने एक बोट लावलं तरी पुरे. जिल्ह्यात दुसरं पॉवर स्टेअरिंग मी तरी पाहिलं नव्हतं.

एक दिवस वळणावर तो पंप म्हशीसारखा हंबरू लागला. झाकण काढलं तर तेल तळाशी गेलेलं. कोणतं तेल टाकायचं हे खात्यात कोणाला ठाऊक नव्हतं. मी विचार केला, तेल ते तेल. घरातून सरकीच्या तेलाचा डबा आणला आणि ओतला. दोन दिवस पंप गप्प बसला. तिसऱ्या दिवशी स्टेअरिंग असं जाम झालं की वळवायला दोन माणसं लागली. कशीबशी गाडी मोतीराम मिस्त्रींकडे नेली. ही आमची पहिली भेट.

त्यांनी माझे हात पाहिले. मग पंपाचं झाकण उघडून बोट बुडवलं आणि वास घेतला.

"यात भजे तळले होते का?"

"नाही."

"मंग कोणतं तेल टाकलं?"

"होतं तेच आहे."

त्यांनी बोट जिभेला लावलं. "सरकीचं हाये," ते म्हणाले. "घाण्याचं नाही, मिलचं."

मी म्हणालो की एखाद्या मजुराने टाकलं असेल. त्यांनी मजुराचं नाव विचारलं. मी उत्तम असं सांगितलं. "बरं," म्हणून ते खड्ड्यात उतरले. आमच्याकडे उत्तम नावाचा कोणी मजूर नव्हता. हे त्यांना तेव्हाच कळलं असावं, कारण पुढे मी कधीही गेलो की ते आधी विचारायचे, "उत्तम कसा हाये?" आणि मी आपला "बरा आहे," म्हणायचो.

असा पंप त्यांनीही जन्मात पाहिला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराच्या मोटार दुरुस्तीत होते, तिथेही नव्हता. त्यांनी गोणपाटावर एकेक भाग मांडला, मांडल्या क्रमाने पाच दिवस पाहिला आणि सरकीच्या तेलाचा चिकट साका रॉकेलने धुऊन काढला. कोणत्याही बिघाडात त्यांचा एक क्रम ठरलेला असे. "पह्यले तेल, मंग पट्टा, मंग पंप, मंग खालचे सांधे. जे सोपं ते पह्यले पाहा. अन् जे आपल्याच हातानं बिघडलं असंल, ते त्याच्याही पह्यले." खरं तेल शेवटी आमच्याच स्टोअरमध्ये सापडलं. लाल होतं, म्हणून स्टोअरकीपरने ते डबे रंगाच्या डब्यांत लावून ठेवले होते.

गाडी दुरुस्त झाली, पण मिस्त्रींना ती आवडली नाही. "मुकं स्टेअरिंग हाये," ते म्हणाले. "जीपमंदी गोटा चाकाखाली आला का हाताले समजते. नट ढिला झाला तरी समजते. इथी रस्ता काय म्हणते ते हातापर्यंत येतच नाही." म्हणून त्यांनी मला एक नियम घालून दिला. राजूर घाट उतरण्याआधी घाटाच्या तोंडाशी गाडी थांबवायची, खाली वाकायचं आणि स्टेअरिंगचे सांधे डोळ्यांनी पाहायचे. सांध्याच्या नटातून एक दुपदरी पिन घातलेली असते. नट सुटू नये म्हणून ती घालून तिचे दोन्ही पाय वाकवतात. मिस्त्री एक पाय वर आणि एक खाली वाकवायचे. तालुक्यात असं दुसरं कोणी करत नसे. पिन पाहिली की हात कोणाचा ते कळायचं.

त्या वर्षभरात माझा त्या माणसावर जीव जडला. काम नसलं तरी मी गॅरेजवर थांबायचो. मागेच त्यांचं घर होतं. काकू चहा आणायच्या. मिस्त्री बशीत ओतून फुर्र करून प्यायचे, आपल्याकडे सगळेच पितात तसं. एक दिवस ते कपानेच पिऊ लागले. मी विचारलं तर म्हणाले, "बशीत गार होते." पुढे काकू त्यांना अर्धाच कप देऊ लागल्या. एकदा ते खड्ड्यात असताना काकूंनी मला बाजूला घेतलं. "हात हालते त्याईचा," त्या म्हणाल्या. "त्याईले वाटते मले माहीत नाही. तू काही बोलू नको बापा. हातावरच सारं हाये त्याईचं." मी मान हलवली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मिस्त्रींनी माझ्या पिकअपचा खालचा सांधा बदलून दिला. मी मागे सात माणसं आणि बोअरचे पाइप घेऊन निघालो. घाटाच्या तोंडाशी नियमाप्रमाणे उतरलो, वाकलो. नटात पिन नव्हती. मी तिथेच मातीत बसलो. मागच्या माणसांनी विचारलं काय झालं, मी म्हणालो गाडी तापली. पेटीतून एक पिन काढून घातली, मला येत होती तशी दोन्ही पाय गुंडाळून वाकवली आणि घाट उतरलो. मिस्त्रींना सांगितलं नाही. उलट स्वतःवर खूश झालो की पाहा, आपण एका माणसाची अब्रू राखली.

महिन्याभरात त्यांनी ट्रायलला म्हणून पिकअप नाक्यापर्यंत नेली आणि परत आल्यावर म्हणाले, "स्टेअरिंगमंदी थरथर हाये." मला काही जाणवली नव्हती. त्यांनी पट्टा बदलला. पुन्हा नाक्यापर्यंत गेलो. "हाये अजून." पंप उघडला, धुतला, लावला. "तुले नाही लागत?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. "लागते थोडी," मी म्हणालो. एकीकडे धामणगाव बढ्याला यंत्र उभं होतं, पाइप गाडीत होते आणि गाव हंडे घेऊन वाट पाहत होतं. पण मला त्या वेळी तेवढंच सुचलं.

तिसऱ्या वेळी त्यांनी पुढची चाकं जॅकवर घेतली आणि खालचे सांधे पाहायला खड्ड्यात उतरले. एकेक सांधा त्यांनी बोटाने चाचपला.

"ही पिन कोणं वाकवली?"

"तुम्हीच."

"माह्या हाताची नाही." मग ते म्हणाले, "उत्तमनं वाकवली असंल."

ते वर आले, ड्रायव्हरच्या जागी बसले, मला दाराशी बोलावलं. "तू धर स्टेअरिंग. घट्ट धर." मी धरलं. माझ्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला. त्यांच्या हाताखाली माझा हात हलू लागला.

"गाडी बंद हाये," मिस्त्री म्हणाले. "पट्टा फिरत नाही. पंप फिरत नाही. चाकं जॅकवर हायेत, मंजे रस्ताही नाही. अन् स्टेअरिंग तं मुकंच. मंग थरथर कुठून येऊन राह्यली?"

मी खाली जॅककडे पाहू लागलो.

"सांग ना बे."

"तुमच्या हातातून."

"हाव," ते म्हणाले. तुटका पट्टा सापडला की ते असंच म्हणायचे. "याचा पार्ट भेटत नाही."

मला वाटलं सुटलो. खरंच हलकं वाटलं. पण त्यांचा क्रम अजून संपला नव्हता.

"पिन होती का नव्हती?"

"नव्हती."

"कुठी समजलं?"

"घाटाच्या तोंडाशी."

"मांगे किती माणसं होती?"

"सात."

त्यांनी माझ्या हातावरचा हात काढून घेतला आणि मांडीखाली दाबून धरला. "तुह्या गाडीले तू होता," ते म्हणाले. "बाकीच्या गाड्यायले कोण होतं?"

महिनाभर मी स्वतःला शहाणा समजत होतो आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मला इतकी शरम आयुष्यात पुन्हा वाटलेली नाही. मी म्हणालो, मिस्त्री, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. "वाटलं असतं," ते म्हणाले. "वाटू द्याचं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पिकअप घेऊन निघालो. धामणगावला पाइप पोचवायचेच होते, वाटेवरची गावंही करायची होती. कोणत्या गाड्या दुरुस्त केल्या याची मिस्त्रींकडे कुठे नोंद नव्हती. त्यांना हात आठवत होते. "तर्जनी वाकडी असलेला, मोताळ्याचा जीपवाला." "तळहातावर भाजल्याचा डाग, तो जिनिंगमंदी हाये." आम्ही हातांच्या मागावर माणसं शोधली आणि माणसांकडून गाड्या. प्रत्येक गाडीखाली ते स्वतः आडवे झाले. पिना जागेवर होत्या. खात्याच्या लॉगबुकात मी पाइपांच्या खाली 'पिना पाहण्यासाठी' असं खरं ते लिहिलं. साहेबांनी त्यावर लाल शाईने एक प्रश्नचिन्ह काढलं आणि ते आजवर तसंच असेल.

धामणगावला पाइप उतरवले आणि अंगठ्याचं नख गेलेला ड्रायव्हर शोधला. तो बाजाराच्या जागेत आपल्या ट्रकच्या सावलीत झोपला होता. ट्रक सरकारी ज्वारीने भरलेला, घाट चढून बुलढाण्याला येणार होता. मिस्त्री खाली गेले आणि लगेच बाहेर आले. पिन नव्हती. नट बोटाने फिरत होता.

त्यांनी ड्रायव्हरला उठवलं, समोर उभं केलं आणि म्हणाले, "माही चुकी हाये. म्या पिन टाकली नाही. मले माफ कर."

ड्रायव्हर अजून झोपेतच होता. "चालते ना मिस्त्री," तो म्हणाला. "गाडी तं चालूनच राह्यली होती."

मिस्त्रींनी पिन माझ्या हातात दिली. मी खाली गेलो, नट आवळला, पिन घातली आणि वाकवली. ते शेजारी पोटावर पडून पाहत होते. "अशी नोको," ते म्हणाले. "एक पाय वर, एक खाली." मी पुन्हा केली. त्यांना ती तीन वेळा पटली नाही. चौथ्यांदा म्हणाले, "हाव."

त्या दिवसापासून त्यांनी पाना हातात धरला नाही. कडुनिंबाखाली एक स्टूल टाकलं आणि दोन मिस्त्री कामाला ठेवले. स्वतः फक्त ड्रायव्हरचे हात पाहायचे आणि खड्ड्यातल्यांना सांगायचे. गॅरेज चांगलं चाललं. चहा पुन्हा बशीने पिऊ लागले, सांडला तर सांडला. "आता काय लपवाचं हाये," ते म्हणायचे. माझ्याशी महिनाभर नीट बोलले नाहीत. नंतर बोलू लागले, पण "उत्तम कसा हाये?" हे विचारणं बंद झालं. त्याऐवजी मी गेलो की ते हात पुढे करायचे. "पाहून सांग, कितीक हाये?"

पहिल्यांदा मी म्हणालो, "आहे तेवढीच आहे." त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी हात हातात घेतला, नीट पाहिला आणि म्हणालो, "मागच्यापेक्षा जास्त."

"बरं," ते म्हणाले.

मग तोच रिवाज झाला. चार वर्षं मी दर भेटीत तो हात हातात घ्यायचो आणि खरं सांगायचो. "जास्त." "जास्त." "अंगठ्यालाही आली." ते "बरं," म्हणायचे आणि चहा मागवायचे. त्यांना दुसऱ्या कोणाला विचारताना मी पाहिलं नाही. काकूंनाही ते विचारत नसत. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि घरी जाताना रडूही यायचं.

ते गेले तेव्हा मी धाडच्या बाजूला कामावर होतो. पोचलो तोवर दुपार झाली होती. अंगणात ड्रायव्हरच ड्रायव्हर होते, नाक्यापर्यंत गाड्या लागल्या होत्या. काकूंनी मला आत बोलावलं. मी मिस्त्रींच्या शेजारी बसलो आणि सवयीने त्यांचा हात हातात घेतला. उजेडात धरून नीट पाहिला.

"नाही, मिस्त्री," मी म्हणालो. "आज थरथर नाही."

ते खरं होतं.