भास्करभाऊंची सावड

भास्करभाऊ संगणकासमोर बसण्याआधी पाय धूत. ते पंच्याने कोरडे करत, टोपी नीट बसवत आणि मगच खुर्चीला हात लावत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "बाई, तती नित्या राह्यते न. लेकाच्या घरी मळक्या पायानं कसं जा?"

नित्या म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा नितीन, बेंगळुरूला नोकरीला. दोन वर्षं तो गावी, आमच्या रिठदला, आला नव्हता. येणं जमेना, म्हणून त्याने कुरिअरने संगणक पाठवला आणि वडिलांचं नाव एका ऑनलाइन खेळात घातलं. दर महिन्याला वर्गणी भरायची आणि जादूगार, राक्षस, ड्रॅगन असल्या मंडळींच्या राज्यात हिंडायचं. "बाबा, तिथं आपण रोज भेटू," असं तो फोनवर म्हणाला. वर्गणी तोच भरी. खेळ मात्र सगळा इंग्रजीत, आणि भास्करभाऊ सातवी शिकलेले. शेजारी मी, जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली. त्यामुळे रोज दुपारी चार वाजता वही-पेन घेऊन मी त्यांच्या बाजूच्या खुर्चीत.

बाळांनो, तुम्ही मला परवा त्याच खेळाचं आमंत्रण पाठवलंत, म्हणून हे लिहिते आहे. ते राज्य मी पाहिलेलं आहे. आकाश जांभळं, डोंगर जत्रेतल्या फोटोवाल्याच्या पडद्यावरचे. बायका लढाईला निघालेल्या, पण चिलखत जिथे हवं तिथेच नाही. वीस मिनिटं चालल्यावर एक गावकरी भेटतो, एक वाक्य बोलतो, आणि पुन्हा विचारलं तर तेच वाक्य बोलतो. अशी मुलं माझ्या वर्गात असती तर मी त्यांना बाकावर उभं केलं असतं. आणि हे पाहायला माणसं पैसे भरतात. भास्करभाऊ म्हणत, "गणपतीची वर्गणी देल्ली तं परसाद तरी भेटते. अती या राज्यात रानडुक्कर अंगावर येते. ते तं माह्या वावरात फुकट येते!"

खेळात प्रत्येकाला आपलं सोंग निवडावं लागतं. सगळे पिळदार तरुण होतात. भास्करभाऊंनी पांढऱ्या दाढीचा म्हातारा निवडला. नाव लिहिताना वडिलांचंही लिहा म्हणाले. तेवढी जागा नव्हती. "बापाचं नाव घेत नाई, हे कसलं राज्य?" असं त्यांनी मलाच विचारलं.

नितीनची अकरा जणांची टोळी होती. त्यांना ड्रॅगन मारायचा होता आणि त्यासाठी लागणारा औषधी झाडपाला गोळा करायचं कंटाळवाणं काम कोणालाच नको होतं. ते म्हाताऱ्यावर टाकलं. भास्करभाऊंनी तीन आठवडे पाला तोडला, तक्रार न करता. मी म्हटलं, "तुम्हाला राबवून घेतायत." तर माझ्याकडेच कीव आल्यासारखं पाहून म्हणाले, "राबवून कायले घेतीन? सावड हाय बाई."

सावड तुम्हाला ठाऊक नसेल. आज मी तुमच्या वावरात, उद्या तुम्ही माझ्या. मजुरी नाही, फक्त पाळी. आणि ज्याच्या वावरात काम, त्याच्या घरचं जेवण. भास्करभाऊंच्या आयुष्यात सावड कधी कोणी चुकवली नव्हती, म्हणून तिथेही कोणी चुकवील असं त्यांच्या मनात आलं नाही.

त्या राज्यात त्यांनी एक तुकडा घेऊन गहू पेरला होता. तो पिकला. ड्रॅगनही मेला होता. भास्करभाऊंनी सांगितलं आणि मी इंग्रजीत टोळीला निरोप लिहिला: रविवारी चार वाजता गहू कापायला यावं, जेवण आमच्याकडे. पहिलं नाव नितीनचं. रविवारी त्यांनी खेळातल्या चुलीवर रस्सा शिजवला, लांब मेजावर अकरा वाट्या मांडल्या, आणि स्वतः धुतलेलं धोतर नेसून बसले.

चार वाजले. साडेचार झाले. मग पडद्यावर अक्षरं उमटू लागली. कोणी खिदळलं. कोणी विचारलं, हा कोण वेडा? त्यावर नितीनने लिहिलं, लक्ष देऊ नका, माझे डॅड आहेत.

"काय म्हणते नित्या?" भास्करभाऊंनी विचारलं.

"सगळ्यांना आज काम आहे म्हणतो." जन्मात पहिल्यांदा मी मुद्दाम चुकीचं भाषांतर केलं.

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "बाई, डॅडची तीन अक्षरं मले वाचता येतात. शायेतबी असंच खोटं शिकवत होत्या काय?"

मग त्यांनी एकट्याने सगळा गहू कापला. तास लागला. म्हाताऱ्याला पुन्हा मेजापाशी उभं करून संगणक बंद केला आणि त्यावर बायकोचं जुनं लुगडं घातलं. दुसऱ्या दिवशी पहाटे विळा घेऊन ते शेजारच्या विठोबाच्या सोयाबीनमध्ये गेले, कारण तिथे त्यांची पाळी होती. संगणकासमोर ते पुन्हा बसले नाहीत. वर्गणी आपोआप जात राहिली. नितीनला वाटलं, बाबा खेळतात.

चैत्रात भास्करभाऊ गेले. नितीन तेरा दिवस राहिला, पहिल्यांदाच इतका. त्यातल्या एका दुपारी त्याने माझ्याकडे पासवर्ड मागितला. माझ्या वहीत होता. त्याने लुगडं बाजूला केलं आणि तसाच बसला, अंगणातल्या मातीच्या पायांनी. म्हातारा मेजापाशी उभा होता. अकरा वाट्या भरलेल्या.

"बाई, यात अन्न शिळं होत नाही," नितीन हळूच म्हणाला.

मी म्हटलं, "हो. तेवढीच त्या राज्याची हुशारी."

तुम्ही लिहिलंत, "आजी, पहिला महिना फुकट आहे, रोज भेटू." मी येणार नाही. मी तीनदा तुमच्या घरी येऊन राहिले, तुमच्या बर्फात चालले, तुमचे डबे भरले. आता पाळी तुमची. पाय धुवायला पाणी मी काढून ठेवते.