कातळावरची रेंज

आमच्या पाड्यात फोन घरोघरी आहेत, रेंज मात्र फक्त वरच्या कातळावर. उंबरमाळीच्या डोंगरात घर म्हटल्यावर हे आलंच. बोलायचं असेल, फोटो पाठवायचा असेल, तर चढा. आणि कोण चढलं ते खालून अख्खा पाडा बघतो.

माझी धाकटी जाऊ अंगणवाडीत मदतनीस. तिनं फोनवर एक पेज काढलं, नाव ठेवलं ‘कोरडी टाकी’. स्वतःचं नाव कुठेच नाही. पाड्यासाठी बांधलेल्या टाकीत एकदाही पाणी पडलं नव्हतं, आणि आम्ही बाया हंडे घेऊन ओढ्यापर्यंत उतरत होतो. ती त्या टाकीचे फोटो टाकायची, खाली दोन ओळी लिहायची. लिहायची काय, चिमटेच काढायची! शहापूर-किन्हवलीची माणसं ते वाचून पुढे पाठवायला लागली आणि टाकी बांधणाऱ्या ठेकेदाराचा पारा चढला.

तो आमच्याच पाड्यातला. भर ग्रामसभेत म्हणाला, “हे लिवनारी कोन ते हुडकतोच. पोलिसात देतो नि नोकरी असंल तर तीबी घालवतो.” दुसऱ्या दिवसापासून कातळाच्या वाटेवर खुर्ची टाकून बसला. चढेल ती सापडेल.

दिराला काम कधी असतं, कधी नसतं. घर चालतं ते हिच्या मानधनावर. मी तिला झापलं, “बंद कर गो ते. कशाला इस्तवाशी खेळतेस?”

ती भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, “ताई, टाकी कोरडी हाय ना? मंग कोरडी म्हनायला पन त्याला इचारू?”

मला आधी तिचाच राग आला, आणि मग तो सगळा राग ठेकेदारावर गेला.

तिनं कुठेतरी वाचलं होतं, कॉम्प्युटरवाली काही माणसं म्हणे सगळी मिळून एकाच नावानं बोलतात, एकच मुखवटा लावतात. कुणाला धरायचं तेच कळत नाही. मी म्हटलं, मुखवटे कुठून आणायचे? पण चढायला काय जातं! ओढ्यावर मी बायांना गाठलं, उद्या दुपारी सगळ्यांनी फोन घेऊन वर चला म्हटलं. कुणी कारण विचारलं नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, आणि इतके दिवस एकीनंही तोंड उघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कातळावर ही जत्रा! कुणी माहेरी फोन लावतेय, कुणी नुसताच अंगठा फिरवतेय. त्या गर्दीत जावेनं फोटो टाकला. ठेकेदार धापा टाकत वर आला. “कोन लिवतंय? सांगा, नायतर सगळ्यांची नावं देतो!”

बाया आपापल्या फोनमध्येच बघत राहिल्या. त्यानं जावेकडे बघितलं आणि बघतच राहिला. तिनं फोन पदराआड घेतला. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, “मी लिवते.”

त्याची आई. काठी टेकत टेकत आलेली. म्हातारीला सही येत नाही, फोन तर नाहीच. हातात घरातल्या टीव्हीचा रिमोट, फोनसारखा धरलेला.

“आये, तू खाली जा.”

“का जाऊ? माजं नाव दे पैलं. ह्याच ओढ्याचं पानी डोईवर आनून तुला वाढवला. टाकीत पानी नाय, हे मी बोलते. दे नाव.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मला हसू आलं नाही, डोळे भरून आले. तो खाली उतरला. तक्रार झालीच नाही. केली असती तर पहिलं नाव कुणाचं घातलं असतं?

जावेची नोकरी आहे. टाकी अजून कोरडी आहे, आणि आम्ही अजून चढतो. म्हातारीला हात धरून चढवावं लागतं. काठी ती कुणाकडेही देते, रिमोट मात्र देत नाही.