लुसियाची सही

तारा, सेबा, तुमची लुसिया आजी गेल्याचा फोन केअर होममधून सकाळी आठला आला. फोनवरच्या मुलीने विचारलं, "तुम्ही तिच्या कोण?" इंग्रजीत विहिणीला शब्द नाही. "फ्रेंड," मी म्हणाले. लुसियाच्या स्पॅनिशमध्ये तो आहे, कोन्सुएग्रा. त्याच नावाने ती मला वीस वर्षं हाक मारायची. पोटच्या मुलीचं, तुमच्या आईचं, नाव विसरल्यावरही...

याला आता महिना झाला. ऑकलंडला तुम्हांला "आजी आजारी होती" एवढंच कळलं. बाकीचं मी तुमच्या आईला विचारून लिहिते आहे. "लिहा, आई," ती म्हणाली, "मला तोंडाने सांगवत नाही." हे छापायलाही देते आहे, म्हणून सगळ्यांची नावं बदलली आहेत. लुसियाच्या थोरल्या भावाचं, रामोनचं, तेवढं बदललेलं नाही.

माझं लग्न ठरताना सासरच्यांनी माझ्या वडिलांना समोर बसवून विचारलं होतं, घराण्यात वेड, कोड, क्षय? तो अपमान मी कधी विसरले नाही. म्हणून तुमच्या आईबाबांच्या साखरपुड्याला, इथे बर्मिंगहॅमच्या माझ्या स्वयंपाकघरात, लुसिया जेव्हा म्हणू लागली, "माझी आई आणि मामा पन्नाशीतच सगळं विसरले," तेव्हा मी तिला थांबवलं. "आमच्यात आता असलं कोणी विचारत नाही गं." आपण किती सुधारलेल्या, असं मला वाटलं. ती हसली. याबद्दल मी स्वतःला सोडलेलं नाही, मग रामोनला का सोडू?

कोलंबियातल्या त्यांच्या डोंगराळ गावात या विसरण्याला शाप म्हणत. तो शाप नव्हता. एका जीनमधला दोष होता, आईबापांकडून मुलांकडे येणारा. प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्या भावंडांना तपासणीला बोलावणारं पत्र पाठवलं, ते थोरला म्हणून रामोनच्या हाती पडलं. त्याने गुपचूप स्वतःचं रक्त तपासून घेतलं. दोष नव्हता. मग त्याने सगळ्यांच्या वतीने उत्तर धाडलं, बाकी कोणाची इच्छा नाही. लुसियाला एका शब्दाने कळवलं नाही. घराण्याचं नाव खराब झालं असतं ना.

बावन्नाव्या वर्षी ती तेच तेच विचारू लागली. जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, म्हणाला, मेनोपॉज. दोन वर्षं ती स्वतःला वेंधळी म्हणत रडली. हा आजार औषधाने बरा झाला नसता, हे मला समजतं. पण ते रडणं टळलं असतं. शेवटी जेनेटिक्स क्लिनिकमध्ये निदान झालं, तिथून कोलंबियाला विचारणा गेली आणि रामोनचं ते उत्तर आमच्यासमोर आलं.

अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये त्याने भाषण केलं. बहीण म्हणे इथल्या थंडीने आणि एकटेपणाने खचली. मी चहाचा कप खाली ठेवला आणि उठून आजाराचं नाव सांगितलं. त्याच्या पत्राचंही सांगितलं, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बाई, हा आमच्या घरचा प्रश्न आहे."

"माझी नातवंडंही तुमच्याच घरची आहेत, रामोन."

त्याचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. अजून वाटतं.

तुमच्या आईने टेस्ट केलेली नाही, तो तिचा हक्क आहे. तुम्हीही करा किंवा करू नका. पण तुमच्या वतीने दुसऱ्या कोणी ठरवायचं नाही.

निदान झालं त्याच दिवशी लुसियाने एका फॉर्मवर सही केली होती, की तिचा रिपोर्ट तिच्या मुलानातवंडांना दाखवावा. निम्मं आडनाव लिहून ती थांबली. पुढचं आठवेना. डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही, मीही सांगितलं नाही. बराच वेळ गेला... मग तिने उरलेली अक्षरं लिहिली.

फॉर्मची प्रत माझ्या टेबलाच्या खणात आहे. रामोन ती फाडून टाका म्हणून फोन करतो. मी त्याला दर नाताळला तिची एक फोटोकॉपी पाठवणार आहे. तुम्हां दोघांची आजच पोस्टात टाकली. सही वाकडी आहे, पण पूर्ण आहे.