लेक्टिन बंद

आमच्या ह्यांचे गुडघे दुखायला लागले आणि शिक्षा माझ्या स्वयंपाकघराला झाली. मोबाईलवर कुणी परदेशी डॉक्टर सांगत होता म्हणे, की डाळी, गहू, टोमॅटो, वांगी, शेंगदाणे, मिरच्या या सगळ्यांत लेक्टिन नावाचं काहीतरी असतं आणि तेच सांध्यांत जाऊन बसतं. तासन्‌तास मांडी घालून मोबाईल बघितल्यानं गुडघ्यांचं काय होतं, ते मात्र त्यानं सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून हे जेवायला बसले की एकेका वाटीवर बोट ठेवून मोठ्यानं निकाल द्यायचे, "लेक्टिन. बंद." आमटी बंद, पिठलं बंद, शेंगदाण्याची चटणी बंद. मिरची हवीच असेल तर साल सोलून, बी काढून घाल, म्हणाले. मिरची कशी सोलतात ते दाखवा, मी शिकते, असं म्हटल्यावर ह्यांना अचानक शेतातली मोटर आठवली. ज्वारी-बाजरी तेवढी चालते, ही त्या डॉक्टरची आमच्या काष्टी गावावर मेहेरबानी.

मग मीही हट्टाला पेटले. सुरणाची भाजी केली, रताळ्याचे काप तुपात परतले, बेसनाऐवजी ज्वारीचं पीठ लावून लसूण-मिऱ्याची कढी केली. हे बोटं चाटून जेवायचे आणि कौतुक करायचे ते मोबाईलचं.

पंचाईत झाली सासूबाईंची. त्यांना दात नाहीत आणि ऐकूही कमी येतं. काळ्या मसाल्याच्या आमटीत भाकरी कुस्करायची, हेच त्यांचं जेवण. त्यांच्यासाठी मी आमटी वेगळी करायचे, पण त्या वाटी सरकवून द्यायच्या. "नगं. बंद हाय ना." दुधात चतकोर भाकरी, की झालं. हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. लेकाच्या खुळाला आईची साथ, वा, असं म्हणत मी भांडी आपटायचे. खरं तर मला भीती वाटायला लागली होती.

एक दिवस मीच तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. कडधान्य भिजवून कुकरला शिजवलं की चालतं, असं तो डॉक्टर स्वतःच म्हणत होता. आमच्या ह्यांचं ऐकणं तिथवर पोचलंच नव्हतं. नवऱ्यांचं बहुधा पोचत नाही. मी हुलगे भिजत घातले, भरपूर शिट्ट्या केल्या, रवीनं घोटले, तुपात लसणाची चरचरीत फोडणी दिली, मिरे कुटून घातले आणि थोडं ज्वारीचं पीठ लावलं. माडगं, म्हणजे हुलग्याची पेज, करतात पिठाचं, माझं अख्ख्या हुलग्याचं, पण दाट आणि गरमागरम. ह्यांनी दोन वाट्या रिचवल्या आणि तिसरी मागताना विचारलं, यात लेक्टिन किती? मी म्हटलं, तुमच्या बोलण्यात आहे त्याहून कमी.

सासूबाईंनी वाटीचा वास घेतला, हात पुढे केला आणि थांबल्या.

"लेकीला इचारलं का?"

कुठल्या लेकीला, मला कळेना.

"माज्या. तिनंच बंद केलंय ना समदं. ह्यो रोज म्हनतोय, लेकीनं बंद."

मला हसू आवरेना. नणंद नाशिकला असते. भाऊबीज झाल्यापासून तिचा फोन नव्हता. मी सासूबाईंच्या कानाशी तोंड नेऊन समजावलं, की लेकीनं नव्हे, लेक्टिन, ते डाळीत असतं, गुडघे ह्यांचे दुखतात, तुम्हाला कुणी काही बंद केलेलं नाही. आता आमटी मिळणार म्हटल्यावर म्हातारी खूश होईल, असं मला वाटलं होतं. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"म्हंजी तिचा फोन आलाच न्हाई व्हय?"

मी नाही म्हणून मान हलवली. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

"मला वाटलं, लेकीला आईची काळजी पडली," त्या म्हणाल्या. "म्हनून पाळत हुते."

आणि त्यांनी वाटी ओढून घेतली.