चक्कीच्या पट्ट्यावर शिकलेली लय

चक्कीतलं काहीही बिघडलं तरी मी दुरुस्त करते. दगडाला टाकी लावते, पट्टा उतरला तर चढवते, मोटर तापली तर नुसत्या वासावरून ओळखते. नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या गल्लीत कुणाचा पंखा घरघरला तरी आधी मला बोलावतात. हे सांगायचं कारण एवढंच, की गेल्या उन्हाळ्यात मुलीच्या ऑडिशनच्या वेळी मला काहीही करता आलं नाही, आणि मला त्याची सवय नव्हती.

मुलगी ड्रम वाजवते. शाळेच्या बँडमध्ये गळ्यात साइड ड्रम अडकवून चालायला लागली, तेव्हापासून हातातल्या काड्या सुटल्या नाहीत. आता बी.कॉम.ला आहे. शेजाऱ्यांची कटकट नको म्हणून मी तिला चक्कीच्या मागची खोली दिली होती. तिथे पोती, रिकामे डबे आणि तिचा रबरी पॅड. चक्की चालू असली की आत कुणी काय बडवतंय हे बाहेर कळत नाही. रविवारी क्लासला जाऊन ती खऱ्या ड्रमवर बसायची; बाकी सगळा सराव पॅडवर, दळणाच्या वेळात.

आमच्या चक्कीला जुना रुंद पट्टा आहे. त्याची दोन टोकं पत्र्याच्या क्लिपांनी जोडलेली आहेत. तो सांधा पुलीवरून गेला की टक असा आवाज होतो. दिवसभर टक, टक, टक. मला तो ऐकू येत नाही, थांबला तरच कळतं. मुलगी त्यावर वाजवायची. क्लासच्या सरांनी तिला मोबाइलमध्ये क्लिक घ्यायला सांगितलं होतं, म्हणजे ठरलेल्या वेगाने टिकटिक करणारं अ‍ॅप. ही म्हणाली, "मले कायले पाहिजे? घरी फुकटचा आहे." मीही हसले होते.

मिहानमध्ये कंपन्यांत काम करणारी चार मुलं आहेत, त्यांचा बँड आहे. शनिवार-रविवारी कॅफेत वाजवतात, लग्नांच्या संगीतात वाजवतात. त्यांचा ड्रमर नोकरी बदलून बेंगलोरला निघाला, आणि त्या जागेसाठी हिला बोलावणं आलं. त्यांनी गाणी पाठवली. आधी घरी वाजवून रेकॉर्डिंग पाठव, मग समोर ये, असं ठरलं.

"दुसरा बँड पाहून घेशील," मी म्हटलं.

"कुठं आहे दुसरा? मुलीले ड्रमवर बसवणारा नागपुरात दाखव एक."

 मग मी माझ्या परीने कामाला लागले. पुढचा कूलर ओढून तिच्या खोलीच्या खिडकीला लावला. मनगटांना तेल, वेळेवर जेवण, जेवणात दही.

"आई, मी काय कुस्तीले जाऊन राहिली का?"

"खाय गुपचूप."

रेकॉर्डिंग गेलं. दुसऱ्या दिवशी बँडमधल्या मोठ्या दादाचा आवाजी निरोप आला. तिने तो मला ऐकवला. हात छान आहे, म्हणाला. पण गाणं भरून आलं, सगळी वाद्यं एकदम सुरू झाली, की तू किंचित मागे पडतेस. मग थोड्या वेळाने परत पकडतेस. ऑडिशन क्लिकवरच घेणार आहोत, क्लिक लावून बस.

ती क्लिक लावून बसली. कानात इअरफोन, समोर पॅड. वाजवायची, थांबायची, काड्या आपटायची. पुन्हा तेच. मी दारातून विचारलं, "काहून वं, हात दुखून राहिला का?"

"हात नाही दुखत. हात ऐकून नाही राहिला."

त्या दुपारी मी एका गिऱ्हाइकाचा गव्हाचा डबा वरच्या पेटीत ओतत होते. मुलगी एका कानात इअरफोन ठेवून बाहेर आली आणि पट्ट्याकडे बघत उभी राहिली.

"आई, दुसरा डबा टाक."

"थांब, हा तर होऊ दे."

"टाक नं."

मी ओतला. पेटीखाली एक पत्र्याची झडप असते, दाणे किती पडावेत ते तिच्यावर ठरतं. ती उघडली, दगडावर गहू आला, मोटर गुरगुरली, आवाज भरला आणि पट्टा जरासा मंदावला. मग दगडाने दाणा धरला आणि पट्टा परत वेगात आला. उन्हाळ्यात गल्लीभर कूलर चालतात, व्होल्टेज पडतं, तेव्हा हे जास्तच होतं. यात मला नवीन काही नव्हतं.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "चक्की इथं ढिली पडते. मी पण इथंच ढिली पडते."

मी मोटर बंद केली. गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, "लाइन गेली का वं?"

आवाज भरला की सोडायचं, हलका झाला की पकडायचं, हे तिच्या हातांना कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. शाळेपासून माझ्या गव्हाच्या मागे मागे तिचे हात चालले होते.

नवरा मौद्याला वीज केंद्रात शिफ्टवर असतो. घरी आल्यावर त्याला सांगितलं, तर म्हणाला, "आम्ही तिकडून बरोबर पाठवतो. इकडं तुम्हीच कूलर लावून पिऊन टाकता." मुलगी हसली नाही. मग तो तिच्या ताटात स्वतःची भाकर वाढून उठला.

माझा स्वभाव असा, की दोष सापडला म्हणजे अर्धं काम झालं. मी चक्की बंद ठेवली. मागच्या खोलीत एकदम शांतता झाली आणि तिचं जास्तच बिघडलं. पायाखालून जमीन काढल्यासारखं होतं, म्हणाली. मग मी चक्की चालू केली आणि पट्ट्याला राळ लावली, म्हणजे घसरणार नाही. पट्टा थोडा सुधारला. मुलगी होती तिथेच. दोष पट्ट्यात होता तेव्हा माझ्या हातात होता. आता तो तिच्या मनगटात जाऊन बसला होता आणि तिथे माझा पाना पोचत नव्हता.

"महिनाभर क्लिकवर बसली तर जाईल," क्लासचे सर म्हणाले. ऑडिशन त्याच रविवारी होतं.

मी तिला गाडीवर मागे बसवून नेलं. बँडच्या मुलांनी एक हॉल घेतला होता. पोरं चांगली होती. "काकू, बसा ना," म्हणाली, पाणी दिलं. मी बाहेरच थांबले. दाराला काच होती. काचेतून मुलगी दिसत होती, कानावर मोठे हेडफोन, ओठ दाबलेले. पहिलं गाणं हळू होतं, ते नीट गेलं. दुसरं सुरू झालं. संगीतातलं मला काही कळत नाही, पण भार येतोय हे मला कळतं. गिटारं वर चढायला लागली, गाणारा पुढे सरकला, आता सगळे एकदम येणार हे मला दाराबाहेर समजलं.

चक्कीवर अशा वेळी मी झडप थोडी ओढून घेते. दाणा कमी पडतो, मोटर सावरते. माझा उजवा हात आपोआप वर गेला आणि हवेतच वळला. तिथे काय असणार? आत सगळे एकदम आले आणि माझी मुलगी मागे पडली. थोडीशीच. दादाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग तिने पकडलं. पुढच्या कडव्याला पुन्हा तेच झालं.

परत येताना सिग्नलला मी विचारलं, "पोहे खाशील का? तर्री टाकून?"

"नको नं, आई."

दोन-तीन दिवसांनी फोन आला. त्यांनी दुसऱ्या मुलाला घेतलं होतं. दादा नीट बोलला, सहा महिन्यांनी परत बघू म्हणाला. असं सगळेच म्हणतात. फोन ठेवून ती माझ्याकडे आली. मी काय बोलावं ते जुळवत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "मोटर लाव. बाहेर माणसं उभी आहेत."

आता ती दोन्ही कानांत इअरफोन घालून मागच्या खोलीत बसते. कानात क्लिक असतो. माझा पट्टा तिला ऐकूच येत नाही. मला हे माहीत आहे. तरी ती काड्या घेऊन आत बसली की मी डबा एकदम ओतत नाही. मापाने थोडा थोडा टाकते आणि झडप बोटाने धरून ठेवते. दळणाला वेळ लागतो.

"काहून वं बाई, आजकाल चक्की हळू चालून राहिली?" गिऱ्हाइकं विचारतात.

"दगड जुना झाला," मी सांगते.